रेल्वेचे वाहतूक-नियंत्रण : एका अप्रसिद्ध सेवेचा इतिहास

आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांचा रेल्वेशी दोन-तीन पिढ्यांचा संबंध आहे. कल्याण, इगतपुरी, मनमाड, भुसावळ, दौंड, सोलापूर ह्या गावांची नावे आपल्या घरांतून नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जातात. स्टेशनमास्तर, गार्ड, ड्रायव्हर, तिकीट तपासनीस ही पदे लहान मुलांनाही ठाऊक असतात. परंतु एखाद्या गृहस्थाविषयी 'ते कंट्रोलला आहेत' असे सांगितले गेले, तर पुढे काय विचारावे हे पुष्कळांना सुचत नाही. कंट्रोलर म्हणजे वाहतूक-नियंत्रक. त्याच्या हाती ना शिटी, ना हिरवा बावटा. फलाटावर तो कधी दिसत नाही, आणि ज्या गाड्या तो चालवितो त्या त्यालाही दिसत नाहीत. एका बंद खोलीत बसून शे-दीडशे किलोमीटर मार्गावरील सर्व गाड्यांचा मेळ घालणे हे त्याचे काम. गाडी वेळेवर पोहोचली तर त्याचे नाव कोणी घेत नाही. उशीर झाला तर मात्र सर्वांचे बोट त्याच्याकडे वळते.

हे पद कसे निर्माण झाले, त्याच्याकडे कोणते अधिकार आले आणि कोणते बुद्ध्याच देण्यात आले नाहीत, ह्याचा इतिहास बोधप्रद आहे. तो थोडक्यात सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ही गोष्ट शाळेतील प्रत्येक मुलास पाठ असते. एकवीस मैलांचा प्रवास, चौदा डबे, सुमारे चारशे प्रवासी आणि एकवीस तोफांची सलामी. त्या दिवशी नियंत्रणाचा प्रश्न नव्हता, कारण गाडी एकच होती. रेल्वेपुढील खरी अडचण दुसऱ्या गाडीपासून सुरू होते. बैलगाडीच्या वाटेवर समोरून दुसरी गाडी आली तर एकाने बाजूस व्हावे. आगगाडीस बाजूस होता येत नाही, आणि पुढे धोका दिसला तरी तिला तत्काळ थांबताही येत नाही. १८५४ मध्ये रूळ कल्याणपर्यंत पोहोचले, १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट खुला झाला, १८७० मध्ये जबलपुराजवळ दोन कंपन्यांचे रूळ जुळून मुंबई-कलकत्ता मार्ग सलग झाला. गाड्या वाढल्या, तसा एका गाडीस दुसरीपासून सुरक्षित अंतरावर ठेवावयाचे कसे, हा प्रश्न बिकट होत गेला.

आरंभीच्या काळात इंग्लंडात ह्याचे उत्तर घड्याळावर सोपविलेले होते. एक गाडी सुटल्यावर ठराविक मिनिटे गेली की दुसरी सोडावयाची. ह्यात एक मोठे न्यून होते. पुढची गाडी वाटेत बंद पडली तरी घड्याळ चालतच राही. बोगद्यांसारख्या अवघड जागी मग तारायंत्राची जोड देण्यात आली. परंतु यंत्राने निरोप पोहोचतो, त्याचा अर्थ पोहोचतोच असे नाही. २५ ऑगस्ट १८६१ रोजी ब्रायटनजवळच्या क्लेटन बोगद्यात ह्याचा दारुण प्रत्यय आला. ब्रायटनकडून एकामागून एक तीन गाड्या थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने आल्या. पहिली आत गेल्यावर सिग्नल आपोआप बंद व्हावयास हवा होता, तो झाला नाही. दुसरी गाडी आत शिरत असता पहारेकऱ्याने तांबडा बावटा दाखविला, पण तो चालकाने पाहिला की नाही हे त्यास कळेना. त्याने तारेने पलीकडच्या माणसास विचारले, 'बोगदा मोकळा आहे काय?' पलीकडच्याने पहिली गाडी बाहेर पडलेली पाहिली होती. त्याने 'मोकळा आहे' असे उत्तर दिले. पहारेकऱ्यास वाटले की हे उत्तर दुसऱ्या गाडीविषयीचे आहे, आणि त्याने तिसरी गाडी आत सोडली. दुसऱ्या गाडीच्या चालकाने बावटा पाहिलेला होता. तो बोगद्यात थांबून गाडी मागे घेत होता. त्या धडकेत तेवीस माणसे मृत्यू पावली. दोन्ही टोकांची माणसे प्रामाणिक होती आणि दोघांनीही आपापल्या समजुतीप्रमाणे खरेच सांगितले होते. पहिल्या टोकावरचा पहारेकरी त्या दिवशी सलग चोवीस तासांच्या पाळीवर होता, ही गोष्टही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

अमेरिकेत प्रश्न निराळा होता. तेथे लांबच लांब एकेरी मार्ग, विरळ स्थानके. समोरासमोरच्या गाड्यांनी कोठे भेटावयाचे हे वेळापत्रकात ठरलेले असे, आणि एक गाडी उशिरा आली तर दुसरीने तिची वाट पाहत तासन् तास उभे राहावे असा दंडक होता. सप्टेंबर १८५१ मध्ये ईरी रेल्वेचे अधीक्षक चार्ल्स मिनट हे अशाच एका खोळंबलेल्या गाडीत होते. त्यांनी पुढील स्थानकास तार करून समोरची गाडी तेथे रोखून धरण्यास सांगितले, आणि आपल्या चालकास पुढे जाण्याची आज्ञा केली. केवळ तारेच्या भरवशावर पुढे जाण्यास त्या चालकाने साफ नकार दिला, तेव्हा मिनट ह्यांनी स्वतःच इंजिन हाकले, असे सांगतात. दुरून दिलेल्या आज्ञेने गाडी चालविण्याचा हा पहिला प्रसिद्ध प्रसंग. अमेरिकेतील 'डिस्पॅचर' ह्या पदाचे मूळ त्यात आहे. मिनट ह्यांचे धाडस यशस्वी झाले म्हणून इतिहासाने त्यांचे कौतुक केले. परंतु त्या चालकाचा नकार मूर्खपणाचा नव्हता, हे पुढील हकीकतीवरून कळून येईल.

१० सप्टेंबर १८७४ च्या रात्री इंग्लंडातील नॉर्विचजवळ थॉर्प येथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि पंचवीस माणसे मृत्युमुखी पडली. लंडनकडून येणारी गाडी उशिरा होती. तिच्यासाठी समोरची टपालगाडी थांबवून ठेवावी, की तीच आधी बोलावून घ्यावी, ह्याचा निर्णय तारेने व्हावयाचा होता. अधिकाऱ्याच्या बोलण्यातून एक संदेश लिहिला गेला. त्यावर त्याची सही नव्हती, तरी तारमास्तराने तो पाठविला. टपालगाडी निघाली आणि इकडून दुसरी गाडीही सोडली गेली. चूक ध्यानात आली तेव्हा दोन्ही गाड्या स्थानकांबाहेर पडलेल्या होत्या. तार परत बोलावता येते, पण निघालेली गाडी बोलावता येत नाही.

ह्या अपघातानंतर एडवर्ड टायर ह्या तंत्रज्ञाने १८७८ मध्ये एक युक्ती सिद्ध केली. दोन स्थानकांत एकमेकांशी विजेने जोडलेली दोन यंत्रे ठेवावयाची. त्यांपैकी एकातून एक चकती बाहेर निघाली की ती परत आत जाईपर्यंत दोहोंपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरी निघू नये. चालकाच्या हाती ती चकती असेल तरच त्याने पुढे जावे. ह्याच तत्त्वावरचे नीलचे यंत्र आपल्याकडे विशेष रूढ झाले. त्यातून चकतीऐवजी धातूचा गोळा निघे. एकेरी मार्गावरच्या लहान स्थानकात वेताच्या कड्याला बांधलेल्या पिशवीतला गोळा धावत्या इंजिनाकडे उंचावून धरणारा माणूस आपल्यापैकी ज्येष्ठांनी अवश्य पाहिला असेल. त्या गोळ्याचा अर्थ एवढाच की पुढील स्थानकापर्यंतचा मार्ग मोकळा असल्याची ग्वाही आता कोणाच्या शब्दावर, स्मरणावर किंवा समजुतीवर अवलंबून राहिलेली नाही.

येथे ह्या इतिहासाचा गाभा आहे. गाडी चालविण्यात दोन भिन्न गोष्टी असतात. कोणती गाडी आधी जावी, कोणती थांबावी, हे ठरविणे ही एक गोष्ट. मार्ग मोकळा आहे अशी हमी देणे ही दुसरी. अमेरिकेतील जुन्या पद्धतीत ह्या दोन्ही गोष्टी डिस्पॅचरच्या लेखी हुकुमात एकवटल्या होत्या, म्हणून त्याच्या हातून झालेली एक चूक प्राणघातक ठरू शके. ब्रिटनने आणि त्याच्यामागून हिंदुस्थानने त्या दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेविल्या. आपल्याकडे 'लाइन क्लिअर' देतो आणि घेतो तो स्टेशनमास्तर, तोही शेजारच्या स्टेशनमास्तराशी यंत्राद्वारे. कंट्रोलरने शंभरदा सांगितले तरी शेजारच्या स्थानकाने लाइन क्लिअर दिल्यावाचून गाडी हलत नाही. कंट्रोलरकडे योजना आहे, हमी नाही. हा त्या पदाचा अपमान नव्हे. क्लेटन आणि थॉर्प येथे जे प्राण गेले, त्यांतून शिकून केलेली ही श्रमविभागणी आहे.

मग कंट्रोलरची आवश्यकता का भासली? ती सुरक्षिततेसाठी भासली नाही. गोंधळ निवारण्यासाठी भासली. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील मिडलंड रेल्वेवर कोळशाच्या मालगाड्यांची इतकी दाटी झाली की कोणती गाडी कोठे अडकली आहे हे कोणासच सांगता येईना. चालक आणि गार्ड ह्यांची सबंध पाळी एखाद्या आडमार्गावर उभे राहण्यात जाई. त्यांच्या बदलीस माणसे पाठवावीत, तर गाडी नेमकी कोठे आहे हे ठाऊक नसल्याने ती माणसेही तिला शोधीत हिंडत. प्रत्येक स्थानक सुरक्षित होते, प्रत्येक केबिन नियमाने वागत होती, आणि तरीही सबंध मार्ग तुंबलेला होता. कारण प्रत्येकास आपल्यापुरते दिसत होते, संपूर्ण मार्ग कोणासच दिसत नव्हता. १९०७ मध्ये त्या रेल्वेचे सरव्यवस्थाधीक्षक झालेले सेसिल पॅजेट ह्यांनी मॅसबरो ह्या कोळशाच्या भागात ह्यावर उपाय योजिला. ठिकठिकाणच्या केबिनींनी गाड्यांची वर्दी दूरध्वनीने एका कार्यालयास द्यावी, तेथे प्रत्येक गाडीची नोंद मांडली जावी, आणि कोणती गाडी कोठे घ्यावी हे तेथून सांगितले जावे. १९०९ पर्यंत ही पद्धत त्या रेल्वेवर विस्तारली. पुढे तिचे अनुकरण इतर रेल्वेंनी केले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती आपल्याकडील प्रमुख मार्गांवरही रूढ झाली होती. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी. आय. पी. आदी रेल्वे मिळून मध्य रेल्वे निर्माण झाली, तेव्हा तिला ही व्यवस्था वारशाने मिळाली.

ह्या व्यवस्थेस आणखी एका गोष्टीची पूर्वअट होती, ती म्हणजे सर्वांचे घड्याळ एक असणे. आज हे सांगितले तर मुलांस हसू येते. परंतु एके काळी मुंबईचे घड्याळ निराळे, मद्रासचे निराळे होते, आणि रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले. मुंबईच्या वेळेपेक्षा ती सुमारे अर्धा तास पुढे. घरच्या घड्याळावर विसंबून स्टेशनवर गेलेल्या माणसाची गाडी निघून गेलेली असे. १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली, तरी मुंबई शहरात जुनी वेळ १९५५ पर्यंत तग धरून होती. एकाच पटावर शंभर ठिकाणांच्या वर्द्या मांडावयाच्या, तर मिनिटाचा अर्थ सर्वत्र सारखाच असावा लागतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सेक्शन कंट्रोलरपुढे एक तक्ता असतो. त्यावर आडव्या दिशेने वेळ आणि उभ्या दिशेने स्थानके मांडलेली असतात. प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. गाडी वेगवान असेल तर रेघ खडी चढते, मंद असेल तर कलती राहते, आणि गाडी उभी राहिली की रेघ आडवी पडते. एकेरी मार्गावर दोन रेघांनी एकमेकींस छेदावयाचे ते स्थानकाच्या ओळीवरच. दोन स्थानकांच्या मध्ये छेदल्या तर ती योजना अशक्य कोटीतील. पिढ्यान् पिढ्या हा तक्ता रंगीत पेन्सिलींनी व पट्टीने काढला जाई. कानाशी दूरध्वनी, त्या एकाच तारेवर मार्गावरील सर्व स्थानके, आणि अखंड वर्द्या : अमुक गाडी इतक्या वाजून इतक्या मिनिटांनी गेली, अमुक मालगाडीच्या डब्याचा आस तापला, अमुक फाटकात ट्रक अडकला.

एक उदाहरण घेऊ. पुणे-मिरज मार्ग एकेरी होता त्या काळी पुण्याकडून येणारी प्रवासी गाडी जेजुरीस बारा मिनिटे उशिरा आहे असे समजा. मिरजेकडून आलेली मालगाडी नीरेस उभी आहे. मूळ योजनेप्रमाणे प्रवासी गाडी जाईपर्यंत मालगाडीने नीरेसच थांबावयाचे. पण बारा मिनिटे हाती आली आहेत. तेवढ्यात मालगाडी पुढे वाल्ह्यापर्यंत काढावी काय? काढली आणि साधले, तर मालगाडीचा तासभर वाचतो, वाल्ह्याच्या जोडमार्गावर दोघींची भेट होते आणि कोणाचेच नुकसान होत नाही. पण मालगाडी जड असेल, इंजिन दमलेले असेल आणि बारा मिनिटांची वाट तिने अठरा मिनिटांत तोडली, तर प्रवासी गाडी वाल्ह्याच्या बाहेर सिग्नलला ताटकळत राहते आणि आतील पाचशे माणसे रेल्वेस शिव्या देतात. न काढावी, तर मालगाडीच्या ड्रायव्हरचे कामाचे तास संपत येतात आणि त्याच्या जागी दुसरा माणूस नीरेस आणावयाचा कोठून? हा निर्णय मिनिटभरात घ्यावयाचा, आणि तोही तशाच आणखी दहा गाड्यांचे निर्णय डोक्यात वागवीत. ह्यात कोणाच्या प्राणाशी खेळ नाही, कारण सिग्नल आणि लाइन क्लिअर आपापले काम करीतच आहेत. परंतु हजारो माणसांचे तास मात्र ह्या एका माणसाच्या अंदाजावर तोललेले असतात.

घाटातील काम तर आणखी अवघड. बोरघाटात व थळघाटात सदतीस फुटांस एक फूट असा चढ आहे. कर्जतहून लोणावळ्यास चढणाऱ्या गाडीस मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने लावतात. ती वर पोहोचल्यावर सोडवून घेऊन पुन्हा खाली आणावी लागतात. म्हणजे प्रवाशांच्या गाड्यांबरोबर ह्या रिकाम्या इंजिनांच्याही रेघा तक्त्यावर बसवावयाच्या. खालून गाडी आली आणि लावण्यास इंजिन नाही, असे झाले की त्या एका खोळंब्याचे पडसाद कल्याणपर्यंत उमटतात.

कोकणात रेल्वे आली ती कालपरवा म्हणावी अशी, १९९८ मध्ये. रोह्यापासून मंगळूरनजीकच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, बहुतांशी एकेरी मार्ग, आणि सह्याद्रीचा पाऊस. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि सुमारे पन्नास माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळावर आलेल्या दगडांवर आदळून करंजाडीनजीक पुलावरून कोसळली. त्यानंतर पावसाळ्यात त्या मार्गावर कमी वेगाचे स्वतंत्र वेळापत्रक आणि रुळांवर रात्रंदिवस गस्त ही व्यवस्था कडक झाली. गणपतीस गावी जाताना गाडी रेंगाळली की आपण त्रासतो. तिचा तो मंद वेग कोणत्या किमतीने ठरला आहे, ह्याचे स्मरण ठेवावे.

कंट्रोलरला गाडी दिसत नाही हे वर सांगितले. म्हणून संकटाच्या घटकेला जागेवरच्या माणसाचा शब्द आणि कंट्रोलचा विश्वास ह्यांची गाठ पडावी लागते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ शहरावर विषारी वायू पसरला. ते स्थानक त्या वेळी मध्य रेल्वेत होते. तेथील उपस्थानकाधीक्षक गुलाम दस्तगीर ह्यांनी फलाटावर उभी असलेली, प्रवाशांनी भरलेली गाडी नियत वेळेपूर्वीच पुढे काढून दिली. भोपाळकडे येणाऱ्या गाड्या अलीकडेच थांबवाव्यात असे निरोपही त्या स्थानकातून गेले. स्थानकाधीक्षक हरीश धुर्वे ह्यांचा त्या रात्री अंत झाला. वेळेपूर्वी गाडी सोडणे हे एरवी नियमबाह्य. पण दूरच्या खोलीतील तक्त्यावर वायू दिसत नव्हता. तो ज्यास दिसत होता, त्याने निर्णय घेतला.

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी ह्यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. सुमारे एक हजार पन्नास प्रवासी रात्रभर डब्यांत होते. दुसऱ्या दिवशी आपत्ती-निवारण दल, नौदल आणि गावकरी ह्यांनी त्या सर्वांस सुखरूप बाहेर काढले. होड्या आणि हेलिकॉप्टरे ह्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. अशा रात्री नियंत्रण-कक्षात काय चालते, त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. मागून येणाऱ्या गाड्या रोखणे, अडकलेल्या परत फिरविणे, मदतगाडी मागविणे, आणि संतापलेल्या प्रश्नांस उत्तरे देणे, हे सारे त्या एका खोलीतून होत असते.

मात्र ह्या तक्त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख केवळ स्तुतिपाठ होईल. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशातील प्रवासी गाड्या बंद झाल्या. तक्त्यावर राहिल्या त्या मालगाड्यांच्या रेघा. धान्य, कोळसा, औषधे ह्यांची ने-आण थांबली असती तर टाळेबंदीत घरी बसलेल्या आपणा सर्वांची उपासमार झाली असती. त्याच काळात, ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून रुळांच्या कडेने आपल्या गावी पायी निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवरच झोपले असता मालगाडीखाली सापडले. सोळा जण गेले. गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत होती. मार्ग मोकळा होता, सिग्नल बरोबर होते, तक्त्यावरची रेघ बिनचूक होती. पण तक्ता गाड्यांचा असतो, माणसांचा नसतो. कोणतीही व्यवस्था कितीही अचूक असली तरी तिच्या चौकटीत जे धरलेले नाही ते तिला दिसत नाही, हे त्या पहाटेने दाखवून दिले.

आता ह्या सेवेतील माणसाच्या विश्रांतीविषयी. क्लेटनचा पहारेकरी चोवीस तासांच्या पाळीवर होता हे आपण पाहिले. आपल्याकडे रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांचा प्रश्न १९४६ मध्ये निवाड्यासाठी सोपविण्यात आला तो मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष ह्यांच्याकडे. त्यांच्या १९४७ च्या निवाड्याने कामाच्या स्वरूपानुसार वर्ग पाडले. ज्या कामात चित्त सतत एकाग्र ठेवावे लागते आणि उसंत जवळजवळ नसते, ते 'इंटेन्सिव्ह', म्हणजे अतिश्रमाचे, मानून त्याला आठवड्याचे पंचेचाळीस तास ठरविले. एरवीच्या सलग कामास ही मर्यादा चोपन्न तासांची होती. व्यग्र मार्गावरील सेक्शन कंट्रोलर ह्या पहिल्या वर्गात येतो. खुर्चीवर बसून केलेल्या कामासही श्रम पडतात, ही गोष्ट त्या निवाड्याने कायद्याच्या भाषेत मान्य केली. घरातील मंडळींनीही ती मान्य करावी. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी निजला, तर 'दिवसा काय झोपणे' असे त्यास कोणी म्हणू नये.

हाताने काढलेला तक्ता आता इतिहासजमा झाला आहे. रेघा संगणकाच्या पडद्यावर उमटतात. नियंत्रकाने एका खोलीतून दूरवरचे सांधे आणि सिग्नलही हलवावेत, ही पद्धत अमेरिकेत १९२७ मध्ये सुरू झाली होती. आपल्याकडे पूर्वेकडील समर्पित मालवाहू मार्गाचे मोठे नियंत्रण-केंद्र प्रयागराज येथे डिसेंबर २०२० मध्ये कार्यान्वित झाले. यंत्रांवर भार जितका अधिक, तितकी निष्काळजीपणास जागा कमी, असे आपणांस वाटते. पण २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे जो भीषण अपघात होऊन २९० हून अधिक माणसे गेली, त्याचे मूळ सिग्नलयंत्रणेच्या तारांच्या जोडणीतील दोषात असल्याचे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत आढळले. म्हणजे हमी देणारे यंत्रही शेवटी माणसाच्याच हातचे. दीडशे वर्षांपूर्वी शब्दावरचा विश्वास यंत्राकडे सोपविला गेला. ते यंत्र सांभाळणाऱ्या हातांवर विश्वास ठेवण्याचे काम अद्याप आपल्याकडेच आहे, आणि ते हात थकलेले नसावेत ही जबाबदारी समाजाची आहे.

ज्ञातिबंधुभगिनींनो, राजे आणि सेनापती ह्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. ज्यांनी रात्री जागून इतरांचा प्रवास सुखाचा केला, त्यांचा इतिहास त्यांच्या घरच्या माणसांनी जपला नाही तर तो कोणीही जपणार नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी वडिलांनी किंवा आजोबांनी काढलेला एखादा जुना तक्ता, कामाची टाचणवही, जुने वेळापत्रक किंवा सेवेतील आठवणींचे चार कागद असतील, तर ते रद्दीत घालू नयेत. ज्येष्ठ मंडळी हयात आहेत तोवर त्यांच्याकडून ऐकून तरुणांनी ते लिहून काढावे आणि आपल्या संस्थेच्या कार्यालयात एक प्रत ठेवावी. मुलामुलींना रेल्वेच्या परीक्षेस बसवावयाचे असेल, तर पगार आणि निवृत्तिवेतन ह्यांबरोबर ह्या कामाचे स्वरूपही त्यांना समजावून सांगावे. बुद्धी चपळ हवी, वाणी शांत हवी आणि कोणी वाखाणले नाही तरी मन खट्टू होऊ नये.

पुढच्या वेळी गाडी एखाद्या आडस्थानकात विनाकारण थांबलेली वाटेल, तेव्हा खिडकीतून पाहावे. थोड्याच वेळात शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी धडधडत निघून जाईल. ती भेट त्या स्थानकावर, त्या मिनिटाला व्हावी असे दूर कोठेतरी एका माणसाने ठरविलेले असते. त्याचे नाव आपणांस ठाऊक नसते, पण आपला विलंब आणि आपली सुखरूपता ह्या दोहोंचा हिशेब त्याने केलेला असतो. इत्यलम्.